अळीचा वाटा

कपाशीच्या बियाण्याचे पाकीट फोडले की आतून आणखी एक लहान पुडी निघायची. मोठ्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि त्या लहान पुडीत १२० ग्रॅम साधे, नॉन-बीटी. दुकानदार तिला 'रेफ्युजी' म्हणत. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असायचे की, हे बियाणे मुख्य पिकाच्या चारही बाजूंनी निदान पाच ओळींत किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के जागेत, यापैकी जे जास्त भरेल तितक्या जागेत लावावे. आमच्या घरात ते कुणी वाचले नाही असे नाही. वाचले, हसलो आणि पुडी गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवली. चार-पाच वर्षांत तिथे पुड्यांचा गठ्ठाच झाला. उंदरांनी तो कुरतडला आणि एका उन्हाळ्यात अम्मीने साफसफाई करताना तो उकिरड्यावर नेऊन टाकला.

हसण्याचे कारण साधे होते. त्या पाच ओळी लावायच्या कशासाठी, तर अळीने त्या खाव्यात म्हणून. ज्या अळीने आमच्या बापजाद्यांना रडवले, जिच्यापायी सावकाराच्या उंबऱ्याशी जावे लागले, तिच्यासाठी आम्हीच आमच्या रानात ताट वाढून ठेवायचे! यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला याहून मोठी थट्टा दुसरी कोणती वाटणार?

आज इतक्या वर्षांनी आम्हाला त्या पुडीची आठवण छळते. ती फेकून आम्ही काही चूक केली का? केली असेल, तर कोणाशी? पाकीट आमच्या पैशाचे होते, रान आमचे, पीक आमचे. कायद्याने कुणी विचारायला आले नाही. कुणाचे काही चोरले नाही, कुणाचा बांध कोरला नाही. तरीही काहीतरी चुकले होते, आणि त्या चुकीची किंमत बऱ्याच माणसांनी मोजली. ही चूक नेमकी कोणत्या जातीची होती, याचा शोध घ्यावा असे वाटते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९९०च्या दशकात आमच्याकडे कपाशी म्हणजे फवारणी, असे समीकरण झाले होते. अमेरिकन बोंडअळी, जिला आम्ही हिरवी अळी म्हणतो, ती कशालाच दाद देत नव्हती. ऐंशीच्या दशकात जी औषधे आली, त्यांनी सुरुवातीला अळ्यांचा सडा पाडला. दहा-पंधरा वर्षांत तीच औषधे पाण्यासारखी झाली. मग एकाऐवजी दोन, दोनाऐवजी तीन औषधे एकत्र करून मारायची. आम्ही लहान मुले शाळेतून आलो की डब्यात रॉकेल घेऊन अळ्या वेचायला रानात जायचो. डबा भरायचा, पण झाडावरची अळी संपायची नाही.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूचे जनुक या कपाशीत घातलेले असते. त्यामुळे झाडाच्या पानाबोंडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होते. आज त्या बियाण्यावर तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत, पण खोटे कशाला बोलायचे? पहिली काही वर्षे आम्हाला सुख लागले. बोंडअळीसाठीच्या फवारण्या थांबल्या. पाठीवरचा पंप खाली उतरला. कर्ज घेऊन का होईना, घराच्या भिंती विटांच्या झाल्या. त्या सुखाच्या दिवसांतच ती लहान पुडी वळचणीला गेली.

आता त्या पुडीमागचा हिशेब सांगायला हवा, कारण तो आम्हाला उशिरा कळला. लाखो अळ्यांत एखादी अळी अशी असते की, तिला हे विष बाधत नाही. हा गुण तिला आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून मिळालेला असतो. एकाच बाजूने मिळाला, तर अळी बहुधा मरते. आता समजा, सगळ्या शिवारात फक्त बीटीच आहे. बाकी सगळ्या अळ्या मेल्या आणि या विषाला न जुमानणाऱ्या मूठभर तेवढ्या उरल्या. त्यांचे पतंग होणार, त्यांची जोडी आपापसांतच जमणार आणि त्यांची सगळी प्रजा आईबापांसारखीच निबर निघणार. पण शेजारी साध्या कपाशीच्या पाच ओळी असतील, तर तिथे साध्या अळ्या सुखाने वाढतील, त्यांचे हजारो पतंग उडतील आणि त्या मूठभर निबर पतंगांची सोयरीक यांच्याशी होईल. त्यांची पिले बीटीच्या झाडावर मरतील. म्हणजे त्या पाच ओळींत पोसलेली अळी ही आमच्याच औषधाची राखण करीत होती. आम्ही जिला शत्रू समजून हसत होतो, ती एका अर्थाने आमची चाकरी करणार होती.

हे असे असूनही आम्ही ओळी का लावल्या नाहीत? अज्ञान हे एक कारण झाले. पण आमचे खरे कारण दुसरे होते. आमची जमीन साडेचार एकर. तिचा वीस टक्के भाग म्हणजे एक एकराला थोडा कमी. तेवढ्या रानातला कापूस म्हणजे पोराची फी किंवा विहिरीचा हप्ता. शिवाय त्या पुडीतले बियाणे कसले असेल याचा भरवसा नसायचा. कधी उगवायचे नाही, कधी मुख्य पिकाच्या आधी किंवा नंतर फुलायचे. आणि याहून मोठे कारण म्हणजे मनातला हा विचार : आम्ही एकट्याने लावून काय होणार? आणि आम्ही एकट्याने नाही लावले, तर काय बिघडणार?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या त्या वेळी खरीच असतात, हीच अडचण आहे. एका शेतकऱ्याच्या पाच ओळींनी तालुक्यातली अळी सुधारत नाही. एका शेतकऱ्याने पुडी फेकल्याने ती बिघडतही नाही. चोरी केली तर कुणाचे तरी घर रिकामे होते, आणि ते घर आपल्याला दाखवता येते. इथे घर दाखवता येत नाही. थेंबाथेंबाने सगळ्यांनी मिळून एक विहीर आटवायची आणि शेवटी प्रत्येकाने शपथेवर सांगायचे की, आम्ही तर फक्त तांब्याभर पाणी घेतले!

औषधाची ताकद ही बाजारातून विकत आणलेली आपली वस्तू आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. ती तशी नव्हती. अळी त्या औषधाला बळी पडते, हा अळीच्या अंगचा गुण होता आणि तो साऱ्या शिवाराचा सामायिक ठेवा होता. गावच्या गायरानासारखा. गायरानावर कुणाचा सातबारा नसतो, म्हणून ते कुणीही खाऊन टाकावे असे होत नाही.

इथे आम्हाला आमच्या आजोबांचे खळे आठवते. ज्वारीची रास पडली की, माप घरात जाण्याआधी वाटे निघायचे. सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा, परटाचा. जुन्या काही याद्यांत बारा बलुतेदारांत मुलाणाही धरलेला आहे. त्याचाही वाटा हिंदू शेतकऱ्याच्या खळ्यावर निघत असे आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. आम्ही त्या व्यवस्थेचे गोडवे गाणार नाही. त्या वाट्याबरोबर काहींच्या पदरात अपमानही पडत असे, आणि ज्यांनी तो सोसला त्यांना खळ्याची आठवण गोड लागणार नाही. ती व्यवस्था गेली हे बरेच झाले. पण रानात पिकलेले सगळेच्या सगळे आपले नसते, हा तिच्यातला एक विचार मात्र तिच्याबरोबर जायला नको होता. आजोबा घरी आले की ओसरीच्या आढ्याला पाच-सात कणसांची जुडी चिमण्यांसाठी बांधायचे. त्यात त्यांना पुण्य मिळवल्यासारखे वाटत नसे. चिमण्या आल्या नाहीत, तर मात्र त्यांना चुकल्यासारखे वाटे.

आजोबा पिकाचा उश्रही काढत. त्याचा नियम असा की, पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा गरिबांसाठी द्यायचा आणि शेतकऱ्याने कष्टाने, खर्चाने पाणी काढून पिकवले असेल, तर विसावा. लहानपणी आम्हाला हा नुसता तोंडी हिशेबाचा धडा वाटायचा. आता त्यातली एक गोष्ट ध्यानात येते. वाटा सगळ्यांवर आहे. पण देणाऱ्याने किती खर्च केला, किती घाम गाळला, हे बघून तो ठरतो. ज्याने पाणी शेंदले त्याच्यावर निम्मेच ओझे. वाटा मागणाऱ्याने देणाऱ्याची पाठही बघितली पाहिजे, असा त्या नियमाचा अर्थ आम्ही लावतो.

या मापाने त्या लहान पुडीचा नियम तपासला तर काय दिसते? साडेचार एकरवाल्यालाही वीस टक्के आणि चाळीस एकरवाल्यालाही वीस टक्के. त्याची भरपाई कोणी देणार नव्हते. बियाणे विकणाऱ्याचा नफा पाकिटागणिक ठरलेला होता. औषध बोथट झाले, तर पुढचे औषध तोच विकणार होता. नियम करणाऱ्यांनी पाकिटावर बारीक अक्षरांत नियम छापला आणि आपले हात धुऊन घेतले. म्हणजे सामायिक ठेवा राखण्याची सगळी जबाबदारी साखळीतल्या सर्वांत अशक्त माणसाच्या भलेपणावर टाकली होती. भलेपणा ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याच्याकडूनच तो मागायचा आणि ज्याची तिजोरी भरली आहे त्याला त्यातून मोकळे सोडायचे, ही काही नीती झाली नाही.

यावर कुणी म्हणेल, मग शेतकऱ्याचा दोष नाहीच तर! तसेही आम्हाला म्हणता येत नाही. ओझे अन्यायाने लादले होते, हे खरे. आणि आम्ही हसून पुडी फेकली, हेही खरे. हसलो, ते काही ओझे अन्यायाचे आहे म्हणून नाही. दुसऱ्यासाठी काही राखून ठेवायचे असते, हेच आम्ही विसरलो होतो.

पुढे व्हायचे ते झाले. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानत नाही, अशी बातमी २०१० मध्ये आली. तोवर, २००६ पासून, दोन जनुकांचे बियाणे बाजारात आले होते, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. २०१५च्या सुमारास ते दुसरे कुलूपही त्याच अळीने उघडले. आणि २०१७चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणी विसरणार नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या दिसू लागल्या. बोंड बाहेरून हिरवेगार, निरोगी. फोडून बघावे तर आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली आणि गुलाबी अळी सुखाने बसलेली. ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते आणि तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. मग बाहेरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

तरी आम्ही फवारत होतो. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. मावा, तुडतुडे, फुलकिडे होतेच, आणि बोंडअळीची धास्ती होती. दुकानदाराने दोन औषधे एकत्र करून मारायला सांगितली. पैसे हंगामानंतर दिले तरी चालतील, म्हणाला. उधारीवर माल देणारा माणूसच ज्या गावात सल्लागार असतो, तिथे सल्ला महाग पडतो. पण तेव्हा आम्हाला तो देवदूत वाटला. फवारणीला गावातलाच एक मजूर पोरगा आला. विशीचा असेल. तोंडाला बांधायला त्याच्याजवळ दुपट्टा होता. हातमोजे, चष्मा वगैरे आम्ही दिले नाही, आमच्याजवळ नव्हतेच. दुपारच्या उमसत्या उन्हात तो त्या उंच पऱ्हाटीत शिरला. फवाऱ्याचे तुषार त्याच्याच अंगावर येत होते. संध्याकाळी तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, डोयापुढं धुकं आल्यावानी वाटते." मग उलट्या सुरू झाल्या.

त्याला आम्ही दवाखान्यात नेले. आठ दिवसांनी तो घरी आला. तो वाचला. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. आम्ही त्या पोराला आठ दिवसांची मजुरी दिली, दवाखान्याचा खर्च दिला आणि आपण सुटलो असे समजलो. त्याच्या आईने पैसे मोजून घेतले नाहीत. तशीच मूठ बंद करून आत गेली. ती बंद मूठ आम्हाला अजून दिसते.

त्या पोराला आमच्या कापसात वाटा नव्हता. चांगले पिकले असते, तर त्याची मजुरी वाढणार नव्हती. भाव चढला असता, तर त्याच्या घरी काही जाणार नव्हते. पण विषाचा वाटा मात्र पहिल्यांदा त्याच्या पदरात पडला. शेतकऱ्याच्या दुःखावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. पण दुःखातही उतरंड असते, आणि आपण तिच्या तळाशी नाही हे शेतकऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. आमच्या खाली पंप पाठीवर घेणारा माणूस आहे. अळीपर्यंत न पोचणारे विष त्याच्यापर्यंत बरोबर पोचते.

आता हे दोन धागे एकत्र बघावेत. अळीचा पाच ओळींचा वाटा आम्ही नाकारला. असे सगळ्यांनीच केले. औषध बोथट झाले. औषध बोथट झाले, तेव्हा भीती वाढली. भीतीने हिशेब सुटला आणि तो मजुराच्या अंगावर गेला. २०१७चे मृत्यू एकट्या गुलाबी अळीमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. उंच वाढलेले पीक, इतर किडी, औषधांची मिश्रणे, तोंड झाकायला नीट साधन नसणे, अशी त्याची अनेक कारणे होती. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच हट्ट होता. रानात दुसऱ्या कुणाचे काही उरता कामा नये, आणि त्यासाठी जी किंमत पडेल ती दुसऱ्याने मोजावी.

कीडशास्त्रात एक शब्द आहे, 'आर्थिक नुकसानीची पातळी'. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, किंवा शंभरातली दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच औषध मारावे असे सांगतात. त्याआधी थांबायचे. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा आम्हाला ते शेतीचे तंत्र वाटले. आता त्यात थोडी नीतीही दिसते. सात पतंग सापडले तरी माणसाने हात आवरायचा. यात अळीवर दया नाही. दया हा शब्द इथे उगाच वापरू नये. ज्याचे पीक गेले आहे त्याला तो टोचतो. यात मोजमाप आहे. भीती वाटली म्हणून नाही, शेजारी फवारतो म्हणून नाही, दुकानदार म्हणाला म्हणून नाही. मोजून बघितले आणि गरज दिसली म्हणून. शिवाय थांबलेल्या त्या चार दिवसांत ढालकिडे मावा खातात, क्रायसोपाच्या अळ्या आपले काम करतात, ट्रायकोग्रामाची चिलटाहून बारीक माशी बोंडअळीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. आम्ही घाईने फवारतो, तेव्हा हे बिनपगारी मजूर सर्वांत आधी मारतो.

पण पुन्हा तोच प्रश्न येतो. हे सगळे एकट्याच्या भलेपणावर चालेल का? जगात याची दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९६ मध्ये बीटी कपाशी आली. तिथल्या शेतकऱ्यांनी आश्रयाच्या ओळी नेमाने ठेवल्या आणि दहा वर्षांनंतरही त्यांची गुलाबी अळी औषधाला बळी पडतच राहिली. औषध असे शाबूत होते, म्हणूनच २००६ पासून त्यांना वांझ केलेले पतंग विमानातून सोडून पुढची पायरी गाठता आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे अमेरिकेने जाहीर केले. तिथला शेतकरी आमच्यापेक्षा जास्त सज्जन होता म्हणून हे झाले, असे आम्ही मानत नाही. त्याचे रान मोठे होते, आणि त्याच्या मागे शास्त्रज्ञ, शासन आणि शेतकऱ्यांच्या संघटना एकत्र उभ्या होत्या. नियम पाळणे त्याला परवडत होते.

दुसरे उदाहरण चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यातले. तिथे बीटी आणि साध्या कपाशीच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले गेले. ते स्वस्त पडते. त्या बियाण्यातून साधारण चारांतले एक झाड आपोआप नॉन-बीटी निघते. कुणी पाच ओळी मुद्दाम लावल्या नाहीत, कुणी त्याग केला नाही. तरीही निबर होत चाललेली गुलाबी अळी पुन्हा औषधाला बळी पडू लागली. इथे वाटा बियाण्याच्या पिशवीतच होता. आपल्याकडेही पुढे तोच मार्ग धरला गेला. वेगळ्या पुडीऐवजी बीटीच्या पाकिटातच थोडे नॉन-बीटी बियाणे मिसळून येऊ लागले. आता पुडी फेकायचा प्रश्नच मिटला.

मिटला का? आम्हाला तसे वाटत नाही. पिशवीतले काम पिशवीने करावे, हे योग्यच आहे. गरिबाला रोज कसोटीला लावणारी व्यवस्था वाईट. पण सगळेच पिशवीत मिसळता येत नाही. कपाशी डिसेंबरअखेर संपवावी, फरदड घेऊ नये, पऱ्हाटी उपटून टाकावी, असे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे. गुलाबी अळीला कपाशीशिवाय जवळजवळ घरच नाही. रानात चार-पाच महिने कपाशी नसली, की तिची साखळी तुटते. हे काम कुठल्याही पाकिटातून येत नाही. ते माणसालाच करावे लागते, आणि सगळ्यांनी मिळून करावे लागते.

२०२१-२२च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. आमच्या विहिरीला पाणी होते. अजून दोन पाणी दिले असते, तर फरदडीचा चार-पाच क्विंटल कापूस सहज निघाला असता. घरात वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "साऱ्या गावाची फरदड उभी आहे. आपण एकट्याने उपटून कुणाचे भले करणार?" वीस वर्षांपूर्वी पुडी खोचताना आम्ही हेच म्हणालो होतो. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरगं पायरीवर बसलं होतं, ते ध्यानात ठेवा आणि मग काय ते करा."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही धनगराला निरोप दिला. त्याच्या शेळ्या-मेंढ्यांनी उरलीसुरली किडकी बोंडे आणि पाला खाऊन टाकला. मग पऱ्हाटी उपटली. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली आणि त्याला चांगले पैसे झाले. त्याच्या लेकीचे लग्न त्या पैशावर पार पडले. आम्ही त्या लग्नाला गेलो, जेवलो. त्याला चूक म्हणायची आमची छाती झाली नाही, आणि आजही होत नाही. त्याच्यावर कर्ज होते. आमच्यावर तेवढे नव्हते. उश्राच्या नियमातली पाठ बघायची गोष्ट आम्हाला त्या मांडवात आठवली.

आमच्या उपटण्याने काय साधले? पुढच्या हंगामात त्याच्या रानातले पतंग आमच्या रानात आलेच. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून आता वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आम्ही पाच-सहा घरांचे शेतकरी एकत्र बसतो. कुणाची किती निकड आहे ते बोलतो. ज्याची निकड मोठी, त्याला बाकीचे तुरीतून, हरभऱ्याच्या बियाण्यातून थोडी मदत करतात आणि तो जानेवारीत पऱ्हाटी उपटतो. दोन वर्षे हे जमले, एक वर्ष मोडले. सहा घरांनी तालुक्यातली अळी जात नाही, हे आम्हाला माहीत आहे. सरकारने, बियाणेवाल्यांनी आपला वाटा उचलावा हे मागणे आम्ही सोडलेले नाही. पण त्यांनी उचलेपर्यंत आम्ही हसत बसावे, हे आता पटत नाही.

तो पोरगा आता तिशीच्या जवळ आला आहे. मजुरीला जातो, पण फवारणीला जात नाही; कुणी दुप्पट पैसे देतो म्हटले तरी नाही. आमच्या रानात फवारायची वेळ आलीच, तर आम्ही घरचे करतो, वाऱ्याची दिशा बघून, सकाळच्या वेळी, हातमोजे आणि मास्क घालून, आणि सापळ्यातले पतंग मोजून. स्वतःच्या पाठीवर पंप आल्यापासून आमच्या फवारण्या कमी झाल्या, हे सांगायला लाज वाटते, पण ते खरे आहे. दुसऱ्याच्या पाठीवर पंप होता तोवर आम्हाला प्रत्येक अळी मारण्याजोगी वाटत होती.